विश्लेषण : बिबट्यामुळे कुत्रा घरात, कुत्र्यामुळे दमा? जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांवरचा पेच

अंधार पडू लागला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या मळ्यांवर रोजची धावपळ सुरू होते. शेळ्या-करडे पडवीतून आतल्या खोलीत येतात. कुत्रा साखळीसकट दाराच्या आत घेतला जातो. मांजर आधीच चुलीजवळ बसलेले असते. मग कडी लागते, खिडक्या बंद होतात आणि माणसे व जनावरे एकाच छपराखाली रात्र काढतात. कारण सगळ्यांना माहीत आहे, उसातला बिबट्या.

अशाच एखाद्या बंद खोलीत पहाटे तीनच्या सुमारास घरातल्या मुलाला धाप लागते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. सकाळी दवाखान्यात गेल्यावर सल्ला मिळतो : ‘घरात प्राणी ठेवू नका.’ सल्ला शास्त्राला धरून आहे. अडचण एवढीच, की तो शहरातल्या फ्लॅटसाठी तयार झालेला आहे. तिथे कुत्रा हौसेचा असतो आणि दाराबाहेर जिना असतो. मळ्यावर दाराबाहेर ऊस असतो. मग दम्याच्या रुग्णाने करायचे काय?

प्राणी घरात आले कसे?

डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या पट्ट्याला बारमाही पाणी दिले. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. दाट, थंड, माणसांची फारशी वर्दळ नसलेला ऊस त्याला जंगलासारखाच वाटतो. माद्या तिथेच पिल्ले देतात. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला, लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला, आणि शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेल्या शेतकऱ्यांची छायाचित्रे देशभर पोहोचली.

खिळ्यांचा पट्टा मुळात कुत्र्याचा. बिबट्या कुत्र्याची मान धरतो म्हणून तो घालायचा. बिबट्याचे कुत्र्यावरचे लक्ष किती पक्के असते, याचा हिशेब शेजारच्या अकोले तालुक्यात झालेला आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यात सर्वांत मोठा, ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. मांजरेही त्या यादीत होती. म्हणून कुत्रा आत घेणे हा इथे लाडाचा प्रकार नाही. रात्रभर बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याला ओट्यापर्यंत आणतो, हे इथली बाई-माणसे कोणत्याही अहवालाआधीपासून जाणतात.

दमा आणि प्राण्यांची अॅलर्जी यांचा संबंध काय?

दमा म्हणजे श्वासनलिकांना आतून आलेली, दीर्घकाळ टिकणारी सूज. सुजलेल्या नलिका चिडखोर होतात. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी यांपैकी काहीही लागले की त्या आकसतात आणि आत चिकट कफ साठतो. श्वास आत घेता येतो, पण बाहेर सोडताना दमछाक होते. घरघर बहुधा रात्री किंवा पहाटे वाढते. दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत माणूस ठणठणीत दिसतो आणि ‘बरा झाला’ असे सगळे समजतात. सूज मात्र आत असतेच.

अॅलर्जी ही त्या सुजेला चिथावणी देणारी अनेक कारणांतली एक. प्राण्यांच्या बाबतीत सर्वसाधारण समज असा, की केस नाकात जातात म्हणून त्रास होतो. तसे नसते. त्रास देतात ती प्राण्याच्या लाळेतली, मूत्रातली आणि त्वचेवरून सुटणाऱ्या कोंड्यातली प्रथिने. प्राणी अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे सूक्ष्म कण हवेत उडतात. त्यामुळे कुत्र्याचे केस भादरल्याने उपयोग होत नाही, आणि ‘या जातीच्या कुत्र्याची अॅलर्जी येत नाही’ या विक्रेत्यांच्या दाव्यालाही भक्कम आधार नाही.

मांजराचे प्रकरण कुत्र्यापेक्षा अवघड. त्याच्या अॅलर्जीकारक प्रथिनाचे कण फार बारीक असतात, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि कपड्यांना चिकटून प्रवास करतात. ज्या घरात मांजर नाही त्या घरातल्या मुलालाही वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या स्वेटरवरून ते पोहोचू शकतात. पण मांजराला घालवण्याआधी दुसरी बाजू पाहावी लागते. कांद्याच्या बराखीत आणि धान्याच्या कणग्यांभोवती उंदीर असतात, आणि उंदराच्या मूत्रातली प्रथिनेही दम्याला चिथावतात. मांजर गेले आणि उंदीर वाढले, तर छातीला फरक पडेलच असे नाही.

दोषी कुत्राच कशावरून?

संशय घेण्यात घाई होते ती इथे. समजा, मळ्यावरची एक मुलगी दिवाळीत मामाकडे चिंचवडला गेली. दहा दिवस तिला एकदाही खोकला आला नाही. परत आली आणि दुसऱ्याच रात्री धाप. घरचे निष्कर्ष काढतात : मामाकडे कुत्रा नाही, इथे आहे, म्हणजे कुत्राच. पण मामाकडे चूलही नव्हती. गोठा, कडबा, कुट्टी यंत्राची धूळ, बाजरीचे खळे यांपैकी काही नव्हते. वर्षभर पेटीत ठेवलेली गोधडी नव्हती. दहा गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष एकाला मिळाला.

हिवाळ्याचे गणित तर आणखी गुंतागुंतीचे आहे. ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा जातो, तो वस्त्यांकडे सरकतो आणि लोक जनावरे आत घेऊ लागतात. त्याच महिन्यांत तोडलेल्या फडांतले पाचट पेटवले जाते आणि काळी काजळी ओट्यावर येऊन पडते. थंडी वाढते, दारे-खिडक्या बंद होतात, चुलीचा धूर आतच कोंडतो, पेटीतल्या गोधड्या बाहेर निघतात आणि सर्दीची साथ असते. बिबट्या दिसल्याची आवई उठली की फटाके वाजतात, त्यांचा धूर वेगळाच. मुलाचा दमा नोव्हेंबरात वाढला आणि कुत्राही नोव्हेंबरातच घरात आला, हा योगायोग असू शकतो.

यातल्या दोन गोष्टींवर कुत्र्याच्या आधी नजर टाकायला हवी. पहिली गोधडी. अंथरूण-पांघरुणात राहणारे, डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे हे अॅलर्जीच्या दम्याचे भारतातले प्रमुख कारण मानले जाते. ते माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. कुत्रा असो वा नसो, ते असतातच. दुसरी डासांची कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे आढळले होते. मुलाला कुत्र्यापासून दूर झोपवायचे आणि उशाशी कॉइल लावायची, असे घरोघर घडते. बांधावरचे गाजर गवत हाही जुना संशयित. भारतात त्याची पहिली नोंद पुण्यातच, १९५०च्या दशकाच्या मध्यात झाली. त्याच्या परागकणांचा हंगाम पावसाळ्यानंतरचा.

अॅलर्जी आहे की नाही, हे कसे कळते?

आधी दमा आहे हे पक्के करायचे. त्यासाठी स्पायरोमेट्री ही फुंकण्याची चाचणी असते. औषध देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर फुंकून घेतात आणि फरक पाहतात. क्षयरोग, हृदयाचे आजार, चुलीच्या धुरामुळे वयस्क बायकांना होणारा सीओपीडी यांतही धाप लागतेच. प्रत्येक धाप दम्याची नसते.

अॅलर्जीसाठी दोन मार्ग आहेत. एक, हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब टाकून बारीक टोचणे आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांधी उठते का ते पाहणे. ही चाचणी करण्याआधी सर्दी-खाजेच्या अॅलर्जीविरोधी गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, दम्याचा पंप मात्र बंद करायचा नसतो. दुसरा मार्ग रक्तातली विशिष्ट प्रतिपिंडे मोजण्याचा. अलीकडे शे-दोनशे पदार्थांची रक्तचाचणी एकदम करून लांबलचक यादी हाती दिली जाते. त्या यादीत वांगे, चवळी, दूध, कुत्रा, झुरळ असे सगळे असते आणि घरचे लोक मुलाचे निम्मे जेवण बंद करून टाकतात. चाचणीत एखादी गोष्ट आली म्हणजे तिच्यामुळेच आजार आहे, असे होत नाही. त्या गोष्टीच्या संपर्कात आल्यावर त्रास होतो का, हे सोबत जुळावे लागते.

म्हणून सर्वांत स्वस्त चाचणी वहीतली. चार ते सहा आठवडे रोज एक ओळ लिहावी : रात्री कुठे झोपलो, खोलीत कोण होते, चूल किंवा कॉइल होती का, पाचट जळत होते का, खोकला किती वाजता, पंप किती वेळा. कुत्र्याला कुरवाळल्यावर काही मिनिटांत डोळे चुरचुरतात, शिंका येतात, मग छाती भरते, असे पुन्हापुन्हा घडत असेल तर संशयाला बळ मिळते. ही वही मंचर, नारायणगाव किंवा पुण्याच्या डॉक्टरांपुढे ठेवली, तर त्यांचेही काम निम्मे होते.

मग कुत्रा हाकलून द्यावा का?

अॅलर्जी नक्की ठरली आणि दमा औषधांनीही आटोक्यात येत नसेल, तर प्राणी घरापासून दूर करणे हाच खरा उपाय आहे, यात आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. मात्र तो करतानाही परिणाम लगेच दिसत नाही. मांजर घरातून गेल्यावरही त्याची प्रथिने अंथरुणात, भिंतींवर, कपड्यांत कित्येक महिने टिकून राहतात. चार दिवस कुत्रा मावशीकडे पाठवून ‘काही फरक पडला नाही’ किंवा ‘लगेच बरे वाटले’ म्हणणे, दोन्ही घाईचे.

आणि ‘दूर करणे’ म्हणजे रस्त्यावर सोडणे नव्हे. सोडलेला कुत्रा वस्तीभोवतीच घुटमळतो. बिबट्याला तो आयताच मिळतो, आणि बिबट्याला त्या वस्तीची वाट ठाऊक होते. मुलाच्या छातीसाठी कुत्रा सोडायचा आणि त्याच मुलाच्या अंगणात बिबट्या आणायचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

दुसरीकडे, ज्या घरात अजून कुणाला दमा नाही त्यांनी या लेखाने घाबरून जाऊ नये. स्वीडनमध्ये लाखो मुलांच्या नोंदी तपासून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आयुष्याच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांमध्ये शाळेच्या वयात दम्याचे प्रमाण कमी आढळले. शेतावरच्या जनावरांच्या सहवासात वाढलेल्यांमध्ये ते आणखी कमी होते. गोठ्याजवळ वाढणे हे शरीराला बाधतेच असे नाही. एकदा अॅलर्जी जडली की मात्र हा फायदा त्या रुग्णाच्या कामाचा उरत नाही.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो सुताराच्या किंवा वेल्डरच्या दुकानातून जातो. घराच्या भिंतीला लागून, वरूनही बंद, लोखंडी अँगल आणि जाड जाळीचा कुत्र्याचा पिंजरा. कुत्रा सुरक्षित राहतो, भुंकून सावध करतो आणि झोपायच्या खोलीची हवा वेगळी राहते. शेळ्यांसाठी तसाच बंदिस्त गोठा. जाळी वरून उघडी ठेवली तर काही उपयोग नाही. बिबट्या भिंत चढतो. खर्च आहे, हे खरे. पण वर्षभरात झटक्यांपायी होणारे सलाईन, गाडीभाडे आणि बुडालेला रोज यांच्याशी तो ताडून पाहावा.

पिंजरा होईपर्यंत निदान रुग्ण झोपतो ती खोली प्राण्यांना पूर्ण बंद हवी. दिवसासुद्धा. रात्री दार लावले आणि दुपारी कुत्रा त्याच गादीवर लोळला, तर दार लावून काय मिळाले? एकाच खोलीचे घर असेल तर चूल, प्राणी आणि रुग्ण यांना शक्य तितके तीन टोकांना ठेवणे एवढेच हाती उरते, आणि मग औषधाची जबाबदारी वाढते.

गोठा झाडणे, कडबा हलवणे, कुट्टी करणे, कुत्र्याला अंघोळ घालणे ही कामे रुग्णाने करू नयेत. वाचायला सोपे आहे. गोठ्याचे काम बहुतेक घरांत बाईकडे असते आणि दमा तिलाच असेल, तर ‘मग करणार कोण?’ हा प्रश्न घरात उघडपणे विचारला जात नाही. तो विचारायला हवा. ते काम दुसऱ्या कुणी अंगावर घेईपर्यंत निदान नाका-तोंडाला मास्क, झाडण्याआधी पाण्याचा सडा आणि काम झाल्यावर कपडे बदलणे. कुत्र्याची अंघोळ उपयोगी आहे, पण तिचा परिणाम काही दिवसच टिकतो. महिन्यातून एकदा नदीवर नेऊन भागत नाही. गोधड्या-चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात. न धुता येणाऱ्या जाड वाकळा रुग्णाच्या अंथरुणात नकोतच.

पंपाची सवय लागते का?

नाही. गावोगाव पसरलेला हा गैरसमज कुत्र्या-मांजरांपेक्षा जास्त नुकसान करतो, असे आमचे मत आहे. दम्याचे औषध ओढून घेण्याचे कारण साधे आहे : ते थेट फुप्फुसात जाते, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्शात पुरते. तेच स्टिरॉइड गोळीतून घेतले तर मिलिग्रॅममध्ये घ्यावे लागते आणि सगळ्या शरीरात फिरते. पंपाला घाबरून जे लोक वारंवार गोळ्या आणि इंजेक्शने घेतात, ते स्टिरॉइड टाळत नाहीत. जास्त घेत असतात.

पंप दोन कामांचे असतात, हे मात्र पक्के लक्षात हवे. एक लगेच मोकळे करणारा. त्यात बहुधा सालब्युटामॉल असते. दुसरा रोज घ्यायचा, सूज कमी ठेवणारा. त्यात ब्युडेसोनाइडसारखे स्टिरॉइड असते. पहिल्याने पाच मिनिटांत आराम पडतो म्हणून लोक तोच वापरतात आणि दुसरा सोडून देतात. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी मोठ्यांसाठी आणि १२ वर्षांवरील मुलांसाठी केवळ मोकळे करणाऱ्या पंपावर राहू नये, असे स्पष्ट केले आहे. लहान मुलांना आणि वृद्धांना पंपासोबत स्पेसर हे प्लॅस्टिकचे नळकांडे द्यावे. नाहीतर निम्मे औषध जिभेवर बसते. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची. हैदराबादच्या मृगातल्या माशाच्या औषधाला किंवा कोजागिरीच्या खिरीला जायचेच असेल, तर पंप खिशात ठेवून जावे.

मध्यरात्री झटका आला तर?

मळ्यावरच्या दम्यात खरा धोका इथे आहे. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी उसातून जाते आणि या भागात दुचाकीवर बिबट्या झेपावल्याच्या घटना झाल्या आहेत. म्हणून अनेक घरे ‘उजाडू दे’ म्हणतात. दमा कधीकधी उजाडेपर्यंत थांबत नाही. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. रुग्ण वेळेवर ओळखला न जाणे आणि सूज कमी ठेवणारे औषध न मिळणे, ही त्यातली मोठी कारणे.

एका श्वासात पूर्ण वाक्य बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, किंवा पंप घेऊनही काही मिनिटांत आराम नाही, अशा वेळी थांबायचे नाही. घरघर अचानक थांबली आणि माणूस मलूल झाला, तर ते बरे होण्याचे लक्षण नसते. रुग्णाला बसते ठेवावे, आडवे करू नये. मोकळे करणारा पंप स्पेसरमधून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात देत राहावा आणि १०८ ला फोन करावा. बाहेर पडायचे तर चारचाकीतून; दुचाकीवर दम्याचा रुग्ण मध्ये बसवून नव्हे. कोणाची गाडी, कोणाचा फोन, हे थंडी सुरू होण्याआधीच शेजाऱ्यांशी बोलून ठेवावे. झटक्यात कोणते औषध किती वेळा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद पंपाजवळच असावा.

यंत्रणेकडून काय हवे?

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ मध्ये दमा आणि सीओपीडी यांचा समावेश झाला. ब्युडेसोनाइड आणि सालब्युटामॉल ही दोन्ही औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे. २०२५ च्या जागतिक दमा दिनाची हाकही ओढून घ्यायची औषधे सर्वांना मिळावीत, हीच होती. जुन्नर-आंबेगावात तिचा अर्थ असा, की सूज कमी ठेवणारा पंप आणि स्पेसर प्राथमिक आरोग्य केंद्रात दरमहा मिळायला हवा. ज्याला रात्री दवाखाना गाठता येत नाही, त्याला झटका येऊच नये याचे औषध इतरांपेक्षा आधी मिळाले पाहिजे.

वनविभाग आणि आरोग्य विभाग एकमेकांशी बोलत असल्याचे मात्र दिसत नाही. बिबट्याबाबतच्या जनजागृतीत ‘जनावरे रात्री बंदिस्त ठेवा’ असे सांगितले जाते. एका खोलीच्या घरात त्याचा अर्थ ‘घरात घ्या’ असाच घेतला जातो. आरोग्य कर्मचारी नेमके उलटे सांगतात. बंदिस्त गोठा आणि कुत्र्याचा पिंजरा यांना मदत देताना ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे त्याला पुढचा क्रमांक द्यायचा, तर त्यासाठी आशा सेविकेच्या वहीतली नोंद वनरक्षकापर्यंत जावी लागेल. ग्रामसभेत हे दोघेही येतात. पुढची ऊसतोड सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी मांडायला हवा.